गृहसामानाचा विमा : व्याप्ती आणि शब्द यांचा इतिहास

घराचा विमा आणि घरातील सामानाचा विमा या दोन भिन्न गोष्टी होत. व्यवहारात मात्र त्यांचा उल्लेख एकाच नावाने होतो आणि गैरसमजाचा आरंभही तेथेच होतो. सामानाच्या विम्यात नेमके काय अंतर्भूत होते, या प्रश्नाला सामान्यतः एका यादीने उत्तर देण्यात येते. परंतु ती यादी आजची नाही. तिला तीनशे वर्षांचा इतिहास आहे. किंबहुना यादी एक नसून दोन आहेत : एक वस्तूंची, दुसरी संकटांची. या दोन्ही यादींची वाढ कशी झाली आणि त्यांतील शब्द लोकभाषेतील शब्दांपासून कोठे दुरावले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सप्टेंबर १६६६ मधील लंडनच्या महाअग्नीत सुमारे १३,२०० घरे भस्मसात झाली. त्यानंतर निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास अग्निविम्याची कचेरी काढली. तिचा विमा केवळ इमारतींचा होता. हप्त्याचा दर घराच्या वार्षिक भाड्यावर ठरे. विटांच्या घरास अडीच टक्के, लाकडी घरास पाच टक्के. सामानाला त्यात स्थान नव्हते. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. स्थावर वस्तू जागच्या जागी राहते. तिची पाहणी करता येते. जंगम वस्तू आज येथे तर उद्या अन्यत्र. तिचे मोल, किंबहुना तिचे अस्तित्वही, मालकाच्या शब्दावरच मानावे लागते. म्हणून सामानाच्या विम्याचा प्रश्न प्रथमपासूनच शब्दांचा व नोंदीचा प्रश्न होता.

चार्ल्स पोव्ही याने १७०८ च्या सुमारास जंगम मालाचा विमा घेण्यास आरंभ केला. त्याच्याच उद्योगातून १७१० साली 'सन फायर ऑफिस' ही संस्था उदयास आली. तिच्या विमापत्रांच्या नोंदवह्या आज लंडनच्या अभिलेखागारात आहेत आणि अठराव्या शतकातील गृहजीवनाच्या अभ्यासकांना त्या अमोल वाटतात. घरगुती सामान, अंगावरील वस्त्रे, चांदीची भांडी, चिनी मातीची व काचेची पात्रे, धंद्याची हत्यारे असे वर्ग करून प्रत्येकापुढे वेगळी रक्कम लिहिलेली त्यांत आढळते. परंतु या काळच्या विमापत्रांतून ज्या गोष्टी वगळल्या जात त्या अधिक बोलक्या आहेत. रोख पैसा, हिशेबाच्या वह्या, रोखे व लिखित कागदपत्र यांना संरक्षण नसे. ज्यांचे मोल वस्तूत नसून लेखात आहे अशा गोष्टी बाहेर ठेवण्याची ही रीत पुढे कायम राहिली.

दुसऱ्या यादीची, म्हणजे संकटांच्या यादीची, वाढ याहून संथ गतीने झाली. दीर्घकाळ तिच्यात अग्नी हे एकच मुख्य संकट होते. चोरी ही मालकाने स्वतः निवारण करावयाची आपत्ती मानली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात लॉइड्समधील विमेकरी कथबर्ट हीथ याने घरफोडीचा विमा घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा ही मर्यादा ओलांडली गेली.

इंग्रजी विमापत्रांचे हे नमुने कंपन्यांबरोबर हिंदुस्थानात आले. कलकत्त्याची ट्रायटन इन्शुरन्स कंपनी १८५० ची. नमुन्यांबरोबर त्यांतील अपवादही आले. या अपवादांची कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत लागली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. जळता कापूस व तापलेले लोखंड वस्तीवर पडून जागोजाग आगी भडकल्या. ज्याच्या घरातील सामान जळाले, त्याच्या दृष्टीने ती आगच होती. परंतु अग्निविमापत्रांतून त्या काळी स्फोटजन्य व युद्धजन्य हानी सामान्यतः वगळलेली असे. अखेर सरकारला त्याच वर्षी खास वटहुकूम काढून भरपाईची तरतूद करावी लागली. हानीचे कारण काय म्हणावयाचे, आग की स्फोट, या एका शब्दावर सारे अवलंबून होते.

असाच प्रश्न पुढे 'घरफोडी' या शब्दाविषयी उपस्थित झाला. मराठी बोलणाऱ्याच्या मनात चोरी व घरफोडी या जवळजवळ समानार्थी कल्पना आहेत. १८६० च्या दंड संहितेत कुलूप उघडून आत शिरणे हीदेखील घरफोडीच होती. विमापत्राची व्याख्या मात्र याहून संकुचित आहे. तीत प्रवेश किंवा निर्गमन प्रत्यक्ष बळाने व हिंसेने झालेले असावे लागते. २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीच्या एका प्रकरणात, बळाच्या वापराचा पुरावा नसल्याने, सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा दावा अमान्य केला. प्रकरण व्यापारी मालाचे होते. परंतु गृहसामानाच्या विमापत्रांतही बहुधा याच धर्तीची व्याख्या असते. विमापत्रातील शब्दांत भर घालता येत नाही की त्यांतून काही वजा करता येत नाही, ही न्यायालयाची भूमिका. तथापि सामान्य माणूस आपण चोरीविरुद्ध विमा उतरविला असेच समजतो, म्हणून ही व्याख्या वास्तवाच्या अधिक निकट आणावी, अशी अपेक्षाही त्याच निकालात व्यक्त झाली. अर्थविचाराच्या अभ्यासकांनी हा निकाल अवश्य पाहावा.

१ एप्रिल २०२१ पासून भारतात 'भारत गृह रक्षा' हे प्रमाण विमापत्र अमलात आले. त्यात संकटांची यादी विस्तृत आहे : आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल इत्यादी. इमारतीचा विमा घेतला असता तिच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सर्वसाधारण सामान आपोआप समाविष्ट होते. याहून अधिक संरक्षण हवे असल्यास सामानाचा तपशील द्यावा लागतो. कपडे, स्वयंपाकाची उपकरणे, विजेची साधने ही सर्वसाधारण सामानात येतात; दागिने, चित्रे, पुराणवस्तू यांसाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते. पूर्वी विमारक्कम कमी असल्यास भरपाईही त्या प्रमाणात घटे. दहा लाखांच्या सामानाचा विमा पाच लाखांचाच असेल, तर दोन लाखांच्या हानीपोटी एकच लाख मिळे. या विमापत्राने ती अट दूर केली, ही मोठी सुधारणा होय.

परंतु दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, मूळ संरक्षणात चोरी येते ती यादीतील एखाद्या संकटामुळे, त्यानंतर सात दिवसांच्या आत घडलेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा हवा. दुसरी ही की, रोकड, रोखे व दस्तऐवज यांच्याबरोबर हस्तलिखितेही, विमापत्रात स्पष्ट उल्लेख नसल्यास, वगळलेली आहेत. अठराव्या शतकातील 'लिखित कागद' हा अपवाद एकविसाव्या शतकातही जिवंत आहे. ज्यांच्या घरी पोथ्या, बखरींच्या नकला किंवा प्रबंधाची टिपणे आहेत, त्यांना कदाचित हीच सर्वांत मोलाची वस्तू वाटत असेल. विमापत्राच्या लेखी ती सामानच नव्हे.

तात्पर्य, गृहसामानाचा विमा वस्तूला संरक्षण देत नाही. नामनिर्दिष्ट वस्तूला नामनिर्दिष्ट संकटापासून संरक्षण देतो. दोन्ही यादी जेथे एकमेकींना छेदतात तेवढेच त्याचे क्षेत्र. लोकभाषेतील 'सामान', 'चोरी', 'आग' हे शब्द त्या क्षेत्राहून विस्तृत आहेत आणि या दोहोंमधील अंतराची किंमत विमेदारालाच मोजावी लागते. म्हणून विमापत्राचे वाचन आरंभी व्याख्यांपासून व त्यानंतर अपवादांपासून करावे; वचनांकडे शेवटी वळावे. आणि ही विमापत्रे, त्यांतील व्याख्यांसह, मराठीत सुबोध रूपाने सिद्ध करणे हे केवळ भाषांतराचे काम नसून अर्थनिश्चितीचे काम आहे, याची जाणीव आपल्या विभागांनी ठेवणे अगत्याचे आहे.