हिशेबाची वही आणि अंगठा

जळगावपासून काही किलोमीटरवरील असोदा गावात १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या, म्हणून त्या उरल्या. त्या काळच्या खानदेशातील बहुतेक शेतकऱ्यांचे जे काही लिहिले जाई, ते असेच दुसऱ्याच्या हाताने. ओव्या लिहिणारा हात पोटच्या मुलाचा होता. कर्ज लिहिणारा हात पेढीवरील मुनिमाचा असे.

आज जळगावातील एखाद्या सनदी लेखापालाच्या, म्हणजे सीएच्या कार्यालयात विवरणपत्र भरले जाते आणि त्याची पोचपावती काही क्षणांत पक्षकाराच्या मोबाइलवर येते. या सोयीचे मोल कळण्यासाठी आधी त्या मुनिमाच्या वहीकडे पाहावे लागते.

वहीच्याही आधी खानदेशात दगड होता. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील राजांनी त्याला दाने दिली. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग मराठीत. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा कोणता हक्क मठाला दिला, हे त्यात नोंदवले आहे. ज्याला पैसे द्यायचे त्याच्या भाषेत, सर्वांच्या नजरेसमोर, आणि खोडता येणार नाही असे.

पेढीची वही याच्या नेमकी उलट होती. लाल कापडी बांधणीची, आडवी दुमडलेली, दिवाळीला पूजा होणारी ही वही शास्त्राच्या दृष्टीने उत्तम होती. रोजचा व्यवहार रोजमेळात, तेथून प्रत्येकाच्या खात्यावर खतावणी, एका बाजूला जमा, दुसरीकडे नावे. दोष पद्धतीत नव्हता. वही एकाच्याच घरात राही, अनेकदा शेतकऱ्याला अपरिचित लिपीत असे, आणि दुसऱ्या पक्षाचा तिच्याशी संबंध अंगठा उमटवण्यापुरताच येई.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मुंबई इलाख्यातील कापसाला अपूर्व भाव आला. खानदेश तर कापसाचाच मुलूख. भावाबरोबर पत वाढली, पतीबरोबर कर्ज. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र वहीत वाढत राहिले. दख्खनेत या ताणाचा स्फोट झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शारीरिक हिंसा तुलनेने कमी झाली. जाळले गेले ते प्रामुख्याने कर्जरोखे आणि वह्या. वाचता न येणाऱ्या माणसाने कागदच जाळावा, यात आंधळा संताप नव्हता. आपल्यावरची सत्ता कोठे साठवलेली आहे, हे त्याला अचूक कळले होते.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शाळेच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख एका ओळीत संपतो, हे अन्यायाचे आहे. कारण त्यात हिशेबाविषयीचा एक नवा विचार होता. शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची लेखी पावती मागता येईल. वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागता येईल. खात्याचे पासबुक मागता येईल. आणि न्यायालय केवळ रोख्यावरील रकमेवर विसंबणार नाही. व्यवहार सुरू झाल्यापासूनचा इतिहास तपासून खरे देणे ठरवील. पुढे मुंबईच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने रोकडवही व खातेवही ठेवणे आणि कर्जदाराला हिशेबाचा उतारा देणे सावकारावर बंधनकारक केले.

याच सुमारास हिशेब तपासणारा त्रयस्थ माणूसही घडत होता. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षण आवश्यक केले, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. जिल्ह्याच्या गावांतील व्यवसायाला मोठे बळ मिळाले ते १९८४ च्या वित्त अधिनियमाने. ४० लाखांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला करासाठी लेखापरीक्षण करून घेणे भाग पडले. जळगावच्या डाळ गिरण्या, सराफ पेढ्या, जिनिंग कारखाने यांना आता मुनीम पुरेसा नव्हता.

संगणकाने सुरुवातीला या नात्यात फारसा बदल केला नाही. लाल वहीची जागा पडद्याने घेतली, एवढेच. वही पूर्वीइतकीच बंद होती. खरा फरक पडला तो वही जाळ्यावर आल्याने. २००६ मध्ये कंपन्यांची कागदपत्रे ऑनलाइन दाखल होऊ लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रेत्याने भरलेले बिल खरेदीदाराला स्वतःच्या खात्यात दिसू लागले. विक्रेत्याने नोंद चुकवली, तर खरेदीदाराची कराची वजावट अडते. त्यामुळे सीएच्या कार्यालयातील कामाचे स्वरूपच पालटले: वर्षाअखेरीस बिलांचे गाठोडे उलगडण्याऐवजी दरमहा दोन बाजूंच्या नोंदी जुळवणे, आणि न जुळलेली नोंद पक्षकाराला वेळेत कळवणे. असोद्याच्या शेतकऱ्याचा कापूसही या जाळ्यात आला, पण त्याच्या खांद्यावर ओझे न टाकता. नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरील कर नोंदणीकृत खरेदीदारानेच भरायचा, असा नियम आहे.

२०१९ पासून सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रांना व लेखापरीक्षण अहवालांना १८ अंकी ओळख क्रमांक लागतो. सीएच्या नावाने खोट्या सह्या करून प्रमाणपत्रे दिली जात होती, त्यावर हा उपाय. बँकेला कागद खरा की बनावट, हे घरबसल्या पडताळता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक फेरफाराची तारखेसह आपोआप नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. १८७९ च्या न्यायाधीशाला जो इतिहास साक्षी-पुराव्यांतून खणून काढावा लागे, तो आता प्रणाली स्वतःच लिहिते. मात्र हा नियम कंपन्यांपुरता आहे. गावच्या किराणा दुकानाला किंवा एकट्या व्यापाऱ्याला तो लागू नाही.

आणि अंगठ्याचे काय झाले? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. ज्याची सही, त्यानेच तिची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची काळजी घ्यावी, असे त्याच कायद्याचे ४२ वे कलम सांगते. प्रत्यक्षात बोटाएवढ्या पेनड्राइव्हसारख्या त्या सह्या, त्यावर पक्षकाराच्या नावाची चिठ्ठी चिकटवून, कितीतरी कार्यालयांच्या खणांत ओळीने ठेवलेल्या आढळतात. पक्षकार विश्वासाने त्या तेथेच सोडून जातो, पासवर्डही सांगून जातो, आणि फोनवर आलेला ओटीपी न विचारता वाचून दाखवतो. त्याला आता वाचता येते. आपल्या खात्यात काय लिहिले आहे, हे पाहण्याची सोयही त्याच्या खिशातील फोनमध्ये आहे.