विंडोज परवान्याचे स्थलांतर

विंडोज परवान्याचे स्थलांतर : मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमचा वापर-हक्क एका संगणकावरून काढून दुसऱ्या संगणकावर लागू करणे. येथे हलतो तो हक्क. प्रत हललीच पाहिजे असे नाही. जुन्या यंत्राची डिस्क काढून नव्यात बसवली, तरी परवाना तिच्यामागोमाग जात नाही. उलट नव्या यंत्रावर कोरी प्रत टाकून तिला जुना परवाना लावता येतो. तो लावता येईल का, हे विंडोज 10 आहे की 11 यावर अवलंबून नसते. परवाना मुळात कोणत्या वाटेने विकत घेतला, यावर ते ठरते. भारतात संगणक घेताना नेमकी हीच गोष्ट ग्राहकाला क्वचित सांगितली जाते. ‘ओरिजिनल विंडोज आहे’ एवढ्यावर व्यवहार उरकतो आणि चार-पाच वर्षांनी यंत्र बदलताना खरा प्रकार कळतो.

परवान्याचे प्रकार : नामांकित कंपनीच्या लॅपटॉपवर जी विंडोज आधीच टाकलेली असते, तिचा परवाना ओईएम म्हणजे यंत्र-उत्पादकामार्फत आलेला असतो. तो त्या यंत्राशी कायमचा बांधलेला असतो. शेतातल्या विहिरीप्रमाणे तो शेताबरोबर विकता येतो, उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही. कराराच्या शब्दांत सांगायचे तर, असा परवाना दुसऱ्या व्यक्तीला देता येतो, पण फक्त त्या यंत्रासकट. आणि यंत्रासोबत अस्सलतेचे लेबल मिळाले असेल तर तेही दिले पाहिजे.

दुसरा प्रकार रिटेल, म्हणजे खोक्यात किंवा कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून स्वतंत्रपणे घेतलेला परवाना. याची किंमत जास्त असते आणि त्या जादा पैशांतून मुख्यतः स्थलांतराचा हक्कच मिळतो. विंडोज 10 च्या करारानुसार असा परवाना आपल्याच दुसऱ्या यंत्रावर हवा तेव्हा नेता येतो. अट एकच, प्रत्येक वेळी आधीच्या यंत्रावरून प्रत काढून टाकली पाहिजे. तो दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रावर द्यायचा असेल, तर देणारा हा त्या परवान्याचा पहिला वापरकर्ता असावा लागतो आणि घेणाऱ्याने कराराच्या अटी मान्य कराव्या लागतात. एकच परवाना दोन यंत्रांवर आळीपाळीने फिरवण्यास मनाई आहे.

तिसरा, व्हॉल्यूम परवाना, कंपन्या, बँका, विद्यापीठे यांच्यासाठी असतो. वैयक्तिक संगणकासाठीचा असा परवाना सहसा स्वतंत्र नसतो. त्याखाली आधी एक पात्र मूळ परवाना असावा लागतो आणि तो बहुधा यंत्रासोबत आलेला ओईएमच असतो. संस्थेच्या नेटवर्कमधील केएमएस सर्व्हर किमान 25 संगणकांनी संपर्क केल्यावर त्यांना मान्यता देऊ लागतो. ही मान्यता 180 दिवस टिकते, तोवर यंत्राने पुन्हा सर्व्हरला गाठले पाहिजे. नोकरी सोडताना घरच्या यंत्रावर राहिलेली कार्यालयाची विंडोज काही महिन्यांनी ‘ॲक्टिव्हेट करा’ असे बजावू लागते, त्याचे कारण हेच.

बाजारात आणखी एक प्रकार दिसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग जोडून घेतलेल्या ‘असेंबल्ड’ यंत्रावर दुकानदार जी अस्सल विंडोज टाकून देतो, ती बहुधा सिस्टीम बिल्डर प्रतीची असते. पुडके वेगळे मिळते, त्यावर ‘की’ म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक असतो, त्यामुळे ग्राहकाला तो परवाना स्वतंत्र वाटतो. प्रत्यक्षात तो ओईएमच्याच कुळातला आहे.

ॲक्टिव्हेशनची यंत्रणा : घरगुती विंडोजमध्ये सक्तीचे ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रतीला कंपनीकडून मान्यता घेणे, 25 ऑक्टोबर 2001 रोजी आलेल्या विंडोज एक्सपीपासून सुरू झाले. त्याआधी 25 अक्षरांची की टाकली की काम भागे. तीच की आणखी दहा यंत्रांवर चालली तरी कोणाला पत्ता लागत नसे. एक्सपीने कीबरोबर यंत्राची ओळखही मागितली. प्रोसेसर, हार्ड डिस्क, स्मृती, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड अशा दहा घटकांच्या माहितीवरून एक सांकेतिक खूण तयार होई. इंटरनेट नसेल तर 50 अंकी क्रमांक फोनवर वाचून दाखवायचा आणि पलीकडून मिळालेला 42 अंकी क्रमांक टाकायचा, अशी सोय होती.

कंपनी आपल्या यंत्राची हेरगिरी करते, अशी भीती त्या वेळी जगभर होती. 2001 च्या जुलैमध्ये बर्लिनच्या फुली लायसन्स्ड या कंपनीने हा 50 अंकी क्रमांक उलगडून दाखवला. प्रत्येक घटकाचे फक्त काही बिट त्यात उतरतात, त्यावरून घटकाचा नेमका अनुक्रमांक शोधता येत नाही, असे त्यातून दिसले. अशा तुटपुंज्या खुणेचा एक फायदा वापरकर्त्यालाही झाला. घटक थोडेफार बदलले तरी खूण बऱ्यापैकी जुळते, म्हणून रॅम वाढवली किंवा ग्राफिक्स कार्ड बदलले तर यंत्र ‘तेच’ मानले जाते.

मदरबोर्ड बदलला की मात्र यंत्र नवे ठरते. ओईएम परवान्याच्या बाबतीत कंपनीची भूमिका अशी, की मूळ मदरबोर्ड सदोष निघाल्यामुळे बदलला असेल तर परवाना टिकतो. वेग वाढवण्यासाठी स्वखुशीने बदलला असेल तर नवा परवाना घ्यावा. ही रेषा कागदावर स्पष्ट असली, तरी प्रत्यक्षात सात वर्षांच्या यंत्राचा जळालेला बोर्ड बाजारात मिळतच नाही आणि दुरुस्तीच्या नावाने वेगळाच बोर्ड बसतो. अशा वेळी ग्राहकाला संशयाचा फायदा मिळायला हवा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

कीचे ठिकाणही बदलत गेले. विंडोज 7 पर्यंत ती लॅपटॉपच्या पोटावरच्या लेबलवर छापलेली असे आणि घामाने, घासण्याने पुसली जाई. विंडोज 8 पासून मोठे उत्पादक ती मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये साठवतात. विंडोज पुन्हा टाकताना सेटअप ती तेथून स्वतः वाचतो, काहीच टंकावे लागत नाही. ही की बाहेर काढून दाखवणारी साधने सहज मिळतात आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते : की वाचता आली म्हणजे ती दुसऱ्या यंत्रावर वापरण्याचा हक्क मिळाला, असे नाही.

29 जुलै 2015 रोजी विंडोज 10 आली आणि वर्षभर विंडोज 7 व 8.1 वरून मोफत बढती मिळाली. या बढतीत प्रत्येकाला नवी की न देता यंत्राची खूणच कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवली गेली. याला डिजिटल परवाना म्हणतात. ऑगस्ट 2016 मधील 1607 या आवृत्तीपासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला आणि स्थलांतराचे काम बरेच सुकर झाले.

प्रत्यक्ष कृती : प्रथम परवान्याचा प्रकार तपासावा. प्रशासकाच्या हक्काने कमांड विंडो उघडून ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलव्ही’ या पर्यायासह दिली, की येणाऱ्या चौकटीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम असा उल्लेख दिसतो. ‘ओईएम’ दिसले तर पुढचा खटाटोप व्यर्थ आहे.

रिटेल असेल तर की, खरेदीची पावती आणि खाते हाताशी ठेवावे. जुन्या यंत्रावर त्याच आज्ञेचा ‘यूपीके’ हा पर्याय दिला की की निघून जाते. ‘सीपीकेवाय’ या पर्यायाने रजिस्ट्रीत उरलेली तिची नोंदही पुसली जाते. यामुळे कंपनीच्या सर्व्हरवरची जुनी नोंद खोडली जाते, असा समज आहे. तसे होत नाही. परवाना सोडल्याचे सर्व्हरला कळवण्याची सोय विंडोजमध्ये नाही. म्हणून नव्या यंत्रावर की टाकताच ती मान्य होईल याची खात्री नसते. यंत्र विकायचे असेल तर डिस्क पूर्ण पुसणे हेच उत्तम. त्याने कराराची अट पाळली जाते आणि खासगी कागदपत्रेही सुरक्षित राहतात.

नव्या यंत्रावर तीच आवृत्ती टाकावी लागते. होमची की प्रोला चालत नाही. नंतर सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर की टाकावी. नकार आला तर तेथील ट्रबलशूटर चालवून ‘या उपकरणाचे हार्डवेअर नुकतेच बदलले आहे’ हा पर्याय निवडावा आणि ज्या खात्याशी परवाना जोडला होता, त्याच खात्याने लॉगिन करून यादीतले जुने यंत्र निवडावे. खाते जोडण्याचे काम जुने यंत्र चालू असतानाच उरकावे लागते. ते बंद पडल्यावर ही वाट उरत नाही. एवढ्यानेही जमले नाही, तर कंपनीच्या मदत-केंद्राकडे जावे. तेथे पावतीचे महत्त्व कळते.

अटींवरून झालेले वाद : परवाना किती वेळा हलवता येईल, हा प्रश्न 2006 मध्ये ऐरणीवर आला. त्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या विंडोज व्हिस्टाच्या करारात रिटेल परवानाही एकदाच दुसऱ्या यंत्रावर नेता येईल, असे कलम होते. स्वतःच्या हाताने संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींनी त्यावर रान उठवले, कारण सर्वांत महाग प्रती तीच मंडळी घेत आणि बोर्डही तीच वारंवार बदलत. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच कंपनीने कलम मागे घेतले. व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती 30 जानेवारी 2007 रोजी आली, तोवर ही मर्यादा उरली नव्हती. आज रिटेल परवान्याला जी मोकळीक आहे, ती ग्राहकांच्या या विरोधाची मिळकत आहे आणि म्हणून ती लक्षात ठेवली पाहिजे.

यंत्राशी बांधलेल्या परवान्याचे बंधन कायद्यापुढे टिकते का, याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 6 जुलै 2000 रोजी मायक्रोसॉफ्टच्याच प्रकरणात निर्णय दिला : एकदा अधिकृतपणे बाजारात आलेली ओईएम प्रत यंत्राविना विकण्यास कंपनी कॉपीराइटच्या आधारे आडकाठी करू शकत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 3 जुलै 2012 रोजी युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात हेच तत्त्व डाउनलोड केलेल्या, कायमस्वरूपी परवान्याच्या प्रतींनाही लावले. विकणाऱ्याने आपली प्रत निरुपयोगी केली पाहिजे, एवढी अट घातली. अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2010 मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात उलट दिशा धरली. करारात हस्तांतरावर आणि वापरावर ठळक बंधने असतील, तर ग्राहक प्रतीचा मालक नसून केवळ परवानाधारक ठरतो.

भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 14 महत्त्वाचे. संगणक-प्रणालीची प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो, पुढच्या विक्रीवरही निर्मात्याचाच हक्क, असा अर्थ देणारे शब्द त्यात 1994 च्या दुरुस्तीने आले होते. 1999 च्या दुरुस्तीने ते काढले. सर्वोच्च न्यायालयाने 2 मार्च 2021 रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात या बदलाची दखल घेतली. तो वाद आयकराचा होता. यंत्राशी बांधलेल्या परवान्याच्या कलमावर त्यात निर्णय नाही. तरीही भारतीय ग्राहकाची बाजू वाटते तितकी लंगडी नाही, हे त्यावरून दिसते. दुसरीकडे, अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम 63 ब खाली गुन्हा आहे आणि त्याला किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आहे. वापर व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता दंडावर भागवू शकते.

ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या की या संदर्भात पाहाव्यात. त्यांतल्या पुष्कळ संस्थांच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या किंवा भंगारातल्या यंत्रांवरून उचललेल्या असतात. त्या आज चालतात, उद्या बंद होतात, आणि चालत असतानाही त्यांच्यामागे परवाना नसतोच. खरा उपाय विक्रीच्या टप्प्यावर आहे. बिलावर ‘विंडोज 11 होम’ असे छापणाऱ्या दुकानदाराने शेजारी ‘ओईएम’ किंवा ‘रिटेल’ एवढा एक शब्द छापणे बंधनकारक करायला हवे.

जुन्या यंत्राचे काय : विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने चालू स्थितीतली अनेक यंत्रे तिच्यासाठी अपात्र ठरली आणि स्थलांतराची गरज वाढली. रिटेल परवाना नव्या यंत्रावर गेल्यानंतर जुने यंत्र परवान्याविना उरते. ते शाळेला किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याला देताना त्यावर तीच विंडोज ठेवून देणे नियमबाह्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या रिफर्बिशर कार्यक्रमात नोंदलेले व्यावसायिक अशा यंत्रांवर नवा परवाना घालून ती विकतात. दुसरा मार्ग उबुंटू, डेबियन अशा लिनक्स वितरणांचा. जीएनयू सार्वजनिक परवान्याखालील लिनक्स कितीही यंत्रांवर टाकता येते, की लागत नाही आणि देणाऱ्याने आपली प्रत काढावी अशी अटही नसते. देवनागरी लिहिण्या-वाचण्याची सोयही त्यांत आहे.