महाभारत कोणी सांगायचे?

महाभारताची अठरा पर्वे दूरदर्शनवर आणायची, तर सांगणार कोण? मूळ ग्रंथात वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतो आणि तीच पुढे सौती नैमिषारण्यातल्या ऋषींना ऐकवतो. छोट्या पडद्यावर इतके निवेदक गोंधळ करतील. बी. आर. चोपडा यांच्या मालिकेचे लेखक राही मासूम रझा यांच्या पटकथेत खुद्द 'समय'च बोलू लागला. आवाज हरीश भिमाणींचा. काळ पांडवांचा नाही, कौरवांचाही नाही. म्हणून तो दोघांनाही जाब विचारू शकतो.

आमच्या सावंतवाडीच्या मुलखात दशावतारी नटांना ही कला ठाऊक आहे. लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतो. मालिकेला ती मोकळीक नव्हती. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भाग झाले आणि त्यांतला शब्द न् शब्द आधी लिहावा लागला. 'पिताश्री', 'भ्राताश्री' हे शब्द त्यातूनच घरोघरी गेले.

मुसलमानाने महाभारत का लिहावे, असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला. मराठीत कविता लिहिणाऱ्या मलाही 'तुमची भाषा कोणती?' असे अधूनमधून विचारले जाते. रझा गाझीपूरचे, गंगाकाठचे. भीष्माची आई त्यांना परकी कशी असेल? रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, तेव्हा टीव्हीपुढे बसलेल्यांत लेखकाची जात विचारणारे फार थोडे होते. बाकीच्यांना द्रौपदीच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते.