शतावरी, अळीव, मेथी: यांनी आईचं दूध खरंच वाढतं का?

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात घराघरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दूध पुरत नाहीये तिला." मग आजी अळीव भिजत घालते, मावशी शतावरीचा डबा आणते आणि मोबाइलवर 'तीन दिवसांत दूध दुप्पट' सांगणारं रील येतं. यातलं किती खरं आहे?

थोडक्यात उत्तर असं: यातले बरेच पदार्थ बाळंतिणीला खायला चांगले आहेत, पण त्यांनी दूध वाढतं याचा पुरावा कच्चा आहे. खरा धोका लाडवात नाही, वाट बघण्यात आहे. बाळाचं वजन वाढत नसताना 'शतावरी सुरू केलीय, आठवडाभर बघू' असं म्हणण्यात आहे.

दूध तयार कसं होतं?

बाळ स्तन ओढू लागलं की आईच्या मेंदूला संदेश जातो आणि दोन संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, कामाला लागतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होतं. ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येतं, यालाच आपण 'पान्हा फुटणं' म्हणतो. बाळाच्या नुसत्या रडण्याने पान्हा फुटतो, आणि भीती, वेदना किंवा खोलीत चार जणांनी टक लावून बघितलं की तो अडतोही. 'दूध आटलं' असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा दूध असतं, फक्त पान्हा अडलेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्तनात दूध साठून राहिलं की शरीर उत्पादन कमी करतं, रिकामं झालं की वाढवतं. म्हणजे हिशेब मागणीचा आहे. बाळाला दर चार तासांनी घड्याळ लावून पाजलं आणि मधे वरच्या दुधाची बाटली दिली, तर आई कितीही शतावरी खावो, शरीराला 'एवढंच लागतं' असाच निरोप जातो. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. रात्री प्रोलॅक्टिनचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे 'आईला झोपू द्या, रात्री बाटली देऊ' हा प्रेमळ सल्ला सुरुवातीच्या दिवसांत उलटा पडू शकतो.

खरंच कमी आहे का, हे आधी बघा

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. बाळाचं पोटही तेव्हा इवलंसं असतं, त्याला तेवढा पुरतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा. 'काही येतच नाही' ही घाबरगुंडी नेमकी याच दिवसांत उडते.

बाळ रडतं, संध्याकाळी तासभर सारखं स्तनाला लागतं, स्तन मऊ लागतात, पंपाने चमचाभरच निघतं: यातल्या एकाही गोष्टीवरून दूध कमी आहे असं ठरत नाही. ठरतं ते लघवीवरून आणि वजनावरून. पाचव्या दिवसानंतर बाळाने 24 तासांत निदान सहा लंगोट ओले करावेत आणि लघवी फिकट असावी. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांच्या आसपास ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. जन्मवजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त घट झाली, बाळ सुस्त पडून राहिलं, पाजायलाही उठेना, लघवी गडद किंवा फारच कमी झाली, कावीळ वाढत गेली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. इथे काढा-लाडू करत बसू नका.

आता डब्यातल्या गोष्टी

शतावरी सगळ्यात लोकप्रिय. भावप्रकाश निघंटूत तिचं वर्णन स्तन्य, म्हणजे आईचं दूध, वाढवणारी असं आहे. गंमत म्हणजे त्याहून जुन्या चरकसंहितेत स्तन्यजनन औषधांचा जो दहा मुळांचा गट दिलाय, त्यात शतावरी नाही. तिथे वाळा, साळी, साठी भात, दर्भ, कुश अशी गवतवर्गीय मुळं आहेत. 'हजारो वर्षांचा एकच फॉर्म्युला' असं पाकिटावर वाचलं की हे आठवावं.

आधुनिक चाचण्यांमध्ये उत्तर एकसारखं आलेलं नाही. दूध कमी पडणाऱ्या मातांवर भारतात झालेल्या आणि 1996 मध्ये 'इंडियन पेडिएट्रिक्स'मध्ये आलेल्या चाचणीत शतावरी असलेल्या औषधाचा फायदा दिसला नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 60 मातांच्या भारतीय अभ्यासात मात्र शतावरीच्या मुळाची पूड घेणाऱ्यांमध्ये प्रोलॅक्टिन जास्त वाढलेलं दिसलं. दोन्ही अभ्यास छोटे आहेत.

मेथी जगभर वापरली जाते. 2011 मध्येच तुर्कस्तानात 66 माता आणि बाळांवर मेथी असलेल्या हर्बल चहाचा प्रयोग झाला. चहा घेणाऱ्या मातांना दूध जास्त आलं आणि बाळांनी जन्मवजन लवकर गाठलं. पण त्या चहात मेथीशिवाय इतर वनस्पतीही होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं? भाजीतली किंवा लाडवातली मेथी ही एक गोष्ट, कॅप्सूलमधली दुसरी. मोठ्या मात्रेत घेतली तर जुलाब होऊ शकतात, रक्तातली साखर उतरू शकते, घामाला आणि लघवीला गोडसर वास येतो. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनाही मेथीचा त्रास होऊ शकतो. आणि गरोदरपणातच 'आधीपासून तयारी' म्हणून मेथीच्या गोळ्या अजिबात नकोत.

अळीव, डिंक, बाळंतशोपा, खसखशीची खीर यांच्याबाबत भरवशाच्या चाचण्या आणखी कमी. तरी मी अळिवाच्या लाडवाच्या बाजूने आहे! नारळ, गूळ आणि लोह देणारे अळीव हा बाळंतिणीसाठी उत्तम खुराक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात. लाडू ते काम चोख करतो. दूध वाढवण्याचं काम त्याच्या गळ्यात घालायची गरज नाही.

कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये अशा सगळ्या उपायांचा एकत्र आढावा घेतला: 41 चाचण्या, सुमारे 3,000 माता. निष्कर्ष असा की वनस्पतींनी दूध थोडं वाढत असेलही, पण पुरावा इतका कमकुवत आहे की खात्रीने सांगता येत नाही, आणि कोणता उपाय दुसऱ्यापेक्षा सरस हेही ठरत नाही.

मग अनेकींना फरक का पडतो?

कारण शतावरी एकटी येत नाही. तिच्यासोबत दोन वेळचं गरम जेवण येतं, आईची आई येते, कामातून सुट्टी मिळते, बाळ दिवसभर जवळ असतं. शिवाय दूध दुसऱ्या आठवड्यापर्यंत तसंही वाढत जातं. मनाला धीर मिळाला की पान्हाही सुटतो. त्या महिन्यात इतकं काही बदलत असतं की नेमकं कशामुळे झालं ते वेगळं काढता येत नाही, आणि डबा मात्र समोर दिसत असतो.

उलट काही रूढी आड येतात. बाळंतिणीला पाणी कमी देणं ही त्यातली एक. तहान लागेल तेवढं पाणी प्यायलाच हवं. चीक काढून टाकणं ही दुसरी. बाळाला मध चाटवणं तिसरी, आणि ती धोकादायक आहे: मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम होऊ शकतो.

डबा घेण्याआधी काय करायचं?

बाळाची पकड तपासा. तोंड मोठं उघडून फक्त बोंड नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही बराचसा आत गेला पाहिजे. पाजताना सारखं दुखत असेल तर पकड चुकतेय. बाळाला उघड्या छातीवर घ्या, मागेल तेव्हा पाजा, एक बाजू झाली की दुसरी द्या. बाळ नीट ओढत नसेल तर पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने दूध काढा, म्हणजे मागणी टिकते. हे शिकायला बाळंतपण झालेल्या रुग्णालयातली परिचारिका, आशाताई किंवा स्तनपान सल्लागार यांची मदत घ्या. प्रत्यक्ष बघून दुरुस्त करणारं माणूस हवं, हे रीलवरून जमत नाही.

इतकं करूनही वजन वाढत नसेल, तर आईचीही तपासणी हवी. थायरॉइडचा त्रास, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, पीसीओएस, स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या: या कारणांनी दूध खरोखर कमी येऊ शकतं. अशा वेळी वरचं दूध द्यावं लागलं, तर त्यात आईचा काही दोष नाही.

मेडिकलमधून कोणी डोमपेरिडोनच्या गोळ्या सुचवल्या तर स्वतःहून घेऊ नका. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याच्या जोखमीमुळे अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्येच दुधासाठी तिचा वापर करण्याविरुद्ध इशारा दिला होता.

आणि शतावरीचा डबा घरात आलाच असेल, तर मागचं लेबल वाचा. ग्रॅन्यूल्समध्ये शतावरी किती आणि साखर किती ते बघा. बाळंतपणातला मधुमेह झालेल्यांनी तर नक्कीच. परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली सुटी पूड टाळा. घेत असाल तर बाळाच्या डॉक्टरांनाही तसं सांगा, आणि बाळाचं वजन ठरल्या दिवशी करून घ्या.