सहा महिन्यांची मुदत

मुदतीचे कलम ही वकिलांनी पाहावयाची बाब आहे, असे समजून सामान्य वाचक ते ओलांडून पुढे जातो. परंतु कायद्याने दिलेला हक्क खरोखर किती जणांच्या पदरात पडला असेल, हे अजमावयाचे असल्यास हक्काच्या कलमाइतकेच मुदतीचे कलमही वाचले पाहिजे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचा सातारा-सांगलीकडील इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

हा कायदा १९२३ साली संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तत्पूर्वी १८५५ च्या कायद्यान्वये मृताच्या वारसांस दिवाणी दावा लावता येई. पण त्यात दुसऱ्याचा दोष शाबीत करावा लागे. नव्या कायद्याने ही अट काढून टाकली. काम करीत असता कामापायी अपघात होऊन कामगार दगावला, तर तीस महिन्यांचे वेतन किंवा अडीच हजार रुपये, ह्यांपैकी जी रक्कम कमी असेल ती वारसांस मिळावयाची. मात्र मागणी सहा महिन्यांच्या आत आयुक्तापुढे गेली पाहिजे.

विलायतेतील १८९७ च्या कायद्यातही सहा महिन्यांचीच मुदत होती. पण मुदतीत मालकाकडे मागणी केली की पुरे, असा निर्णय तेथील सरदारांच्या सभेने १९०० साली दिला होता. आपल्याकडे थेट आयुक्ताची पायरी चढावी लागे. महिने तेवढेच, वाट मात्र लांबची!

मुदत मुळीच नसावी, असे कोणी म्हणणार नाही. साक्षीदार पांगतात, यंत्र दुरुस्त होते, हजेरीची बुके गहाळ होतात. जुन्या गोष्टीचा निवाडा करणे मालकासही अन्यायाचे होते. प्रश्न आहे तो हे दिवस कोणाची परिस्थिती पाहून मोजले, हा.

मुंबईच्या गिरण्यांस मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीबरोबर साताऱ्याचे नाव अग्रभागी होते. हात गेलेला गडी मुंबईत कोणाच्या जिवावर राहणार? घरचे माणूस आणि घरची भाकर जेथे, त्या गावी तो परतावयाचा. गडी दगावला, तर विधवा बहुधा गावीच असे. अर्ज मात्र जेथे अपघात घडला, त्या भागाच्या आयुक्ताकडेच चाले. म्हणजे माण-खटावच्या कोरडवाहू गावातील बाईने हक्क आहे हे प्रथम कोणाकडून तरी ऐकावे, कागद लिहवून घ्यावे आणि मुंबई गाठावी. हे सारे सहा महिन्यांत! ‘पुरेसे कारण’ दिसल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तास होता खरा. पण माफी मागण्यासही तेथवर पोचावेच लागे.

सांगलीकडची अडचण निराळी. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. सांगली, मिरज, औंध ह्या संस्थानांच्या मुलखात तो आपोआप चालत नसे. आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी औंधच्याच हद्दीत होती. तासगाव, वाळवा हे खालसा तालुके शेजारीच. म्हणजे हद्द बदलली की कायदा बदले. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.

कायद्यासही हळूहळू जाग येत गेली. मृत्यूची वार्ता कळताच मालकाकडून निवेदन मागविण्याचा अधिकार १९३३ च्या दुरुस्तीने आयुक्तास दिला. विधवेच्या अर्जाची वाट पाहत बसण्याचे कारण उरले नाही. मुदत पुढे एक वर्षाची, आणि १९६२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची झाली. भरपाईची जबाबदारी इजेच्या क्षणीच मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली सांगितले. १९९५ च्या दुरुस्तीने तर अर्जदार जेथे राहतो तेथील आयुक्ताकडेही दाद मागण्याची सोय झाली. पुढे २०२० साली संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला.

ह्या क्रमातील काळ ध्यानी घेण्याजोगा आहे. सहा महिन्यांची दोन वर्षे होण्यास अडतीस वर्षे लागली. पण आयुक्त गावाजवळ येण्यास एकाहत्तर! मुदत वाढविणे सोपे होते. त्यात फक्त आकडा बदलावयाचा होता. दुसऱ्या सुधारणेसाठी मात्र अर्जदार कोठे राहतो, हे कायदा करणाऱ्यांस आधी पाहावे लागले. तोवर मुंबईत जखमी झालेल्या सातारकराच्या मुदतीतून प्रवासाचे, उसनवारीचे आणि अज्ञानाचे दिवस कापलेच जात होते.