लाकडातले पाणी मोजणाऱ्या सुया

पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेले दार पुढे उन्हाळ्यात आपोआप सुटते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हाच प्रकार पायाखाली घडतो. तेथे अनेक घरांत जमीन लाकडी फळ्यांची असते. हिवाळ्यात घर तापवले की आतली हवा कोरडी पडते, फळ्या आकसतात आणि फटी दिसू लागतात. रेड ओकचेच लाकूड घेऊ. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत त्याची फळी रुंदीत सुमारे ८.६ टक्के आकसू शकते. हे आकसणे ३० टक्के आर्द्रतेच्या खाली समप्रमाणात होते असे ढोबळमानाने धरू. मग १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलेल्या फळ्या ५ मीटर रुंद खोलीत मिळून साडेआठ सेंटिमीटर जागा सोडतात! (हे उदाहरण वर्गात जरूर सोडवायला द्यावे.)

पण ३० टक्केच का? १९०६ साली अमेरिकी वनखात्याच्या हॅरी टीमन यांनी आर्द्रता आणि लाकडाचे बळ यांचा संबंध तपासून प्रसिद्ध केला. ओले लाकूड वाळू लागले तरी आधी त्याचे बळ बदलत नाही; एका बिंदूनंतर मात्र ते झपाट्याने वाढते. आधी जाते ते पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी. ते संपल्यावर पेशीभित्तिकांनी धरून ठेवलेले पाणी सुटू लागते, आणि तेव्हाच लाकूड आकसते. हा तंतुसंपृक्तता बिंदू साधारण ३० टक्क्यांना येतो. टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, म्हणून ताज्या लाकडात ती शंभराच्या वरही जाते. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात.

सुताराला मात्र याचा उपयोग करणे अवघड होते. तुकडा कापायचा, तोलायचा, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. वेळ जातो, शिवाय फळी कापली जाते.

वाट काढली ती एका रसायनशास्त्रज्ञाने. मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेतील आल्फ्रेड स्टॅम यांनी १९२७ मध्ये लाकडाच्या विद्युतरोधावरून आर्द्रता काढता येते, हे दाखवले. पुढे झालेली डग्लस फरची मोजमापे पाहण्यासारखी आहेत: ७ टक्के आर्द्रतेला सुमारे २२ हजार मेगाओहम, १२ टक्क्यांना १२०, तर २५ टक्क्यांना जेमतेम अर्धा. एवढी तफावत असल्यावर दोन सुया टोचून मिळणारे उत्तर पुरेसे बोलके असते. अर्थात सुमारे ७ टक्क्यांखाली आणि संपृक्तता बिंदूच्या वर हे यंत्र भरवशाचे नाही. लाकडाची जात व तापमान यांप्रमाणे आकडा दुरुस्त करावा लागतो, तो वेगळाच.

आकडा किती हवा, हे घरावर ठरते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घरातल्या लाकडासाठी सरासरी ८ टक्के, नैर्ऋत्येच्या कोरड्या भागात ६, तर दमट दक्षिण किनाऱ्यावर ११ टक्के सुचवतात. आणि हा आकडा फक्त फळीचा. खालचे काँक्रीट वेगळे तपासावे लागते. ते ओले राहिले तर फळीची खालची बाजू फुगते, वरची तशीच राहते आणि फळीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात.