सातपुड्यांतील गाईचें सुख

चोपडा तालुक्याच्या दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा. तापीकांठच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो, आणि तेथील गोठ्यांत कडब्याबरोबर सरकी-पेंडहि दिसते. वर डोंगरांत भिल्ल, पावरा, बारेला यांची कुटुंबें कोरडवाहू तुकड्यांवर ज्वारी-मका काढतात व दोन-चार गुरें पाळतात. तेथील गाईची गव्हाण म्हणजे रान. अशा गाईचें बरें चाललें आहे कीं नाहीं, हें कशावरून ठरवावें? हा प्रश्न साधा दिसतो. परंतु तो गाईच्या बाजूनें विचारला जाण्यास फार काळ लागला.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला. पुढें १८७१ सालीं कोंडवाड्याचा कायदा झाला. त्याला चिंता पिकाची होती. १८७८ चा जंगल कायदा झाला. त्याला चिंता जंगलाची व त्याच्या उत्पन्नाची होती. या कायद्यांच्या दृष्टीनें गाय म्हणजे उभें पीक खाणारें किंवा चराईची फी देणारें जनावर. मात्र हद्द एकदां आंखली गेली, कीं तिच्या पलीकडचा चारा आणि पाणवठा हे दोन्ही परवानगीचे विषय होतात. १८९९-१९०० च्या दुष्काळांत खानदेशांतील गुरें मोठ्या संख्येनें मेलीं. चारा व पाणी हें गुरांचें पहिलें औषध होय, हें त्या वर्षानें दाखवून दिलें.

रोगाकडे लक्ष त्यापूर्वींच गेलें होतें. बुळकांडीच्या सांथींमुळें नेमलेल्या हॅलेन यांच्या आयोगानें १८७१ सालीं अहवाल दिला. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. तेथून आरंभलेल्या लशीच्या कार्याचें फळ पुढच्या शतकांत मिळालें: २००६ सालीं भारत बुळकांडीमुक्त ठरला, व २०११ सालीं सर्व जगांतून तो रोग गेला. लहान शेतकऱ्याच्या गाईवर याहून मोठा उपकार क्वचितच झाला असेल.

१९१९-२० पासून देशांत गुरांची शिरगणति होऊं लागली. पण संख्या म्हणजे सुस्थिति नव्हे. १९२८ च्या शाही कृषि आयोगानें याचें मर्म ओळखलें होतें: जेथें चांगलीं गुरें पोसण्याची स्थिति वाईट, तेथेंच तीं अधिक पाळलीं जातात; कारण दुबळ्या जनावरांकडून काम भागत नाहीं, म्हणून आणखी ठेवावीं लागतात, आणि तोच चारा अधिक तोंडांत वांटला जातो.

जनावराला स्वतःला काय भोगावें लागतें, हा प्रश्न इंग्लंडांत १९६५ सालीं ब्रॅंबेल समितीनें पुढें आणला. त्यांतून भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व रोग, आणि भय यांपासून मुक्तता, तसेंच स्वभावाप्रमाणें वागण्याची मोकळीक, असे पांच निकष रूढ झाले. २००९ सालीं युरोपांतील एका प्रकल्पानें दुभत्या गाईंची पाहणी करण्याची रीत घालून दिली. तिच्यांत गाय रोड आहे काय, लंगडते काय, अंग स्वच्छ आहे काय, माणूस जवळ येतांच ती किती अंतरावरून मागें सरते, हें पाहिलें जातें.

सातपुड्यांत हीच रीत लावली तर उत्तर एकाच शब्दांत मिळणार नाहीं. दिवसभर मोकळी चरणारी गाय स्वभावाप्रमाणें वागते. हांक मारणारी पोर जवळ आली तर ती बुजत नाहीं. या बाबतींत शहरांतील दाव्याला बांधलेल्या गाईपेक्षां ती भाग्यवान. सातपुड्यापलीकडची लाल-पांढरी निमाडी गाय दुधापेक्षां बैलांसाठीं नांवाजली आहे. जेथें बैलासाठीं गाय पाळतात, तेथें वासराला आंचळ तोडून नेत नाहींत. पण हीच गाय वैशाखांत पाहावी. ओढे आटलेले, गवत संपलेलें, पाण्यासाठीं लांबची चाल, आणि गोचीड अंगावर. आश्विनांत तुकतुकीत दिसणाऱ्या गाईच्या फासळ्या त्या दिवसांत मोजतां येतात.

म्हणून डोंगरांतील गाईची परीक्षा एका भेटींत होत नाहीं. निदान पावसाळ्यानंतर एकदां आणि उन्हाळ्याच्या अखेरीस एकदां ती व्हावयास हवी. आणि उन्हाळ्यांत दिसणारा दोष केवळ धन्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. त्या हक्काखालीं गवत किती उगवतें, जवळचा पाणवठा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, आणि गुरांचा वैद्य वस्तीपर्यंत पोंचतो काय, हेंहि त्याच परीक्षेंत मोजलें पाहिजे. गोठ्याच्या चार भिंतींत पाहून सातपुड्यांतील गाईचें सुख कळणार नाहीं. तिचा गोठा डोंगराएवढा आहे.